३२० रुपयांचा डोंगल: लिनक्स लॅपटॉपला यूएसबी वायफाय शोधताना

लिनक्सवर चालेल असं डोंगल (यूएसबी पोर्टात खोचायचं वायफाय) कसं निवडायचं, हे जूनमध्ये कुणी मला मराठीत सांगितलं असतं तर माझे ८४९ रुपये आणि दोन रात्रींची झोप वाचली असती, म्हणून लिहून ठेवतेय. मी काही कॉम्प्युटरवाली नाही. गुहागर तालुक्यात राहते, पुण्यामुंबईच्या प्रकाशकांची प्रूफं घरून तपासते, अधूनमधून थोडं डीटीपी. लॅपटॉप सेकंडहँड, २०१९ मध्ये १४,००० ला घेतलेला आणि मुळात २०१२ सालचा. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चे अपडेट बंद झाले तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली आणि तेव्हापासून आमचं दोघांचं (माझं आणि लॅपटॉपचं) बरं चाललं होतं. सध्या मिंट २१.३ आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे यावरूनच सगळं रामायण झालं.

आणखी एक, कमांडी मी इथे देवनागरीत लिहितेय पण टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला, तेव्हापासून वीज येऊन-जाऊन. रविवारी १५ जूनला दुपारी गेली ती तीन तासांनी आली, आणि आली ती दणक्यात, ट्यूब दोनदा लुकलुकली, लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. संध्याकाळी उघडला तर वायफायचं चिन्हच गायब. मी आधी राउटरला शिव्या दिल्या, बंद-चालू केला, मग लक्षात आलं की फोनवर नेट मस्त चालू आहे. भाच्याला फोन लावला, तो म्हणाला टर्मिनल (कमांडी टाइप करायची खिडकी) उघड आणि एलएसपीसीआय मार, त्यात वायरलेस किंवा नेटवर्क कंट्रोलर असं काही दिसतंय का बघ. वायरवालं इथरनेट दिसत होतं, वायरलेसची ओळच नव्हती. "मावशी, कार्ड गेलं गं," असं तो ज्या आवाजात म्हणाला ना, तो आवाज आमचे डॉक्टर गुडघ्याबद्दल बोलताना काढतात.

सोमवारी काम तर पाठवायचं होतं. तेव्हा भाच्याने एक गोष्ट सांगितली ती सगळ्यात आधी सांगायला हवी कारण असं कुणावरही ओढवू शकतं: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारा प्रोग्राम) लागत नाही, वायरचं नेट जोडल्यासारखं लगेच चालू होतं. आणि मला माहीतच नव्हतं ते म्हणजे फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तो तेच वायफाय पुढे लॅपटॉपला देतो, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. म्हणजे तुमचा फोन हाच एक यूएसबी वायफाय ॲडॉप्टर आहे. मग कायमचं असंच का नाही चालवायचं? कारण फोन आला की मी फोन घेऊन अंगणात जाते आणि केबल उपसली की अपलोड मधेच तुटतं. दोन दिवसांत चार वेळा झालं.

राउटरपासून लांब वायर ओढायचा विचारही झाला. लॅपटॉपला इथरनेटचं भोक आहे, राउटर ओटीवर आहे, मी बसते माजघरात. पण वायर बाहेरून वळवून आणावी लागली असती आणि आमच्याकडे वानर. केबल टीव्हीच्या वायरींवर ते झोके घेतात, त्यामुळे तो विषय घरच्यांनी हसून निकालात काढला.

१७ जूनला शृंगारतळीला एका दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप नेला. त्याने खालचं झाकण उघडून दुसऱ्या एका मेलेल्या लॅपटॉपातलं वायफाय कार्ड बसवून बघितलं, चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर मेसेज, की अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवलंय, ते काढा. पुढे जाईचना. तोही चक्रावला. नंतर कळलं की त्या काळातल्या काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये) चालणाऱ्या कार्डांची यादीच भरलेली असते, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. म्हणजे नेमकं त्याच पार्ट नंबरचं जुनं कार्ड शोधणं आलं. त्याने उघडण्या-लावण्याचे २०० घेतले आणि "ताई, आता नवीन घ्या" म्हणाला. नवीन घ्यायला काय जातंय. यूएसबीचं डोंगल घेऊ, खोचू, संपलं, असं म्हणत मी घरी आले.

१८ तारखेला ऑनलाइन शोधलं. वायफाय ॲडॉप्टर म्हटलं की शेकडो दिसतात. मी नखाएवढा एक निवडला, ८४९ रुपये, ड्युअल बँड (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही), ६०० एमबीपीएस, चार तारे, आणि खोक्याच्या फोटोवर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींची चित्रं, लिनक्सचा पेंग्विनसुद्धा. अजून काय पाहिजे? कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चूक कंपनीची नव्हतीच, खोक्यावर बारीक अक्षरांत लिनक्स कर्नेल २.६ ते ४ असं स्वच्छ छापलेलं होतं. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मिंट २१.३ बरोबर आलेलं माझं कर्नेल ५.१५. मला तेव्हा वाटलं जास्त आकडा म्हणजे चांगलंच की, वरचं आहे. पण त्याचा अर्थ असा असतो की कंपनीने कधीतरी जुन्या कर्नेलसाठी ड्रायव्हरचा कोड दिलाय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. प्रूफरीडर असून बारीक अक्षर वाचलं नाही, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आणि ते ६०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे १५० यांची बेरीज, वर थोडं तूप. एका वेळी एकच बँड वापरला जातो, त्यामुळे ६०० कधीच मिळत नाहीत. पिशवीवर साखरेचं आणि रव्याचं वजन एकत्र छापून शिरा म्हणून विकल्यासारखं.

पार्सल २३ जूनला आलं, आमच्याकडे पाच दिवस लागतातच. खोचलं तर वायफाय नाहीच, डेस्कटॉपवर एक सीडी उगवली! माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाहीये. सीडीत विंडोजची सेटअप फाइल. रात्री अकराला भाच्याला व्हिडिओ कॉल.

"मावशी, एलएसयूएसबी मार आणि आयडी वाच."

ही कमांड मात्र प्रत्येकाने शिकून घ्या. यूएसबीला जे जे जोडलंय त्याची यादी येते, प्रत्येक ओळीत एक आयडी असतो, चार अक्षरं, मग कोलन, मग चार अक्षरं. पहिली चार कंपनीची, पुढची चार त्या वस्तूची. माझ्या डोंगलचा आयडी सीडी ड्राइव्हचा निघाला. तर गंमत अशी की असे बरेच डोंगल आधी सीडी असल्याचं सोंग घेतात म्हणजे विंडोजवाल्यांना ड्रायव्हर त्यातूनच मिळतो, ड्रायव्हर बसला की सीडीचं सोंग टाकून वायफाय होतात. लिनक्सवर हे रूपांतर करायला यूएसबी मोडस्विच नावाचा प्रोग्राम असतो पण प्रत्येक डोंगल त्याला ओळखता येतंच असं नाही. भाच्याने साधा उपाय सांगितला, त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट कर. केलं, आणि खरंच, परत एलएसयूएसबी मारली तर शेवटची चार अक्षरं बदललेली! वायफाय मात्र तरीही नाही.

"कर्नेल किती तुझं?"

"पाच पॉइंट पंधरा."

"हं. या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये ६.२ पासून आलाय. कर्नेल बदलू या का? दोन मिनिटांचं काम आहे."

मी नको म्हटलं. कर्नेल बदलणे हे शब्दच असे आहेत की हृदय बदलल्यासारखं वाटतं, आणि ११२ पानांचं प्रूफ अर्ध्यावर होतं. मग त्याने दुसरा रस्ता काढला, फोन टेदरिंगवर लावून ड्रायव्हरचा कोड उतरवायचा आणि इथेच कंपाइल करायचा, म्हणजे कोडपासून चालणारा ड्रायव्हर बनवायचा. मेक ही कमांड दिल्यावर स्क्रीनवर पंढरीची दिंडी निघाली, ओळीमागून ओळी, मध्येच वॉर्निंग, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा. दहाएक मिनिटं चाललं. मग मेक इन्स्टॉल (इथे मात्र मध्ये जागा सोडायची). १२ वाजून ४० मिनिटांनी वायफायच्या चिन्हात रेघा आल्या आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

नऊ दिवस सुखाचे गेले. २ जुलैला अपडेट मॅनेजरने टिकटिक केलं, मी नेहमीसारखं सगळं निवडून इन्स्टॉल दाबलं, रात्री बंद करून झोपले. ३ तारखेला सकाळी उघडला तर परत वायफाय गायब. आषाढी ६ तारखेला, प्रूफ त्याआधी हवं होतं, आणि मी परत केबल लावून फोनला बांधलेली.

झालं होतं असं. आपण हाताने कंपाइल केलेला ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नेलच्याच कप्प्यात जाऊन बसतो. अपडेटमध्ये ५.१५ चंच पण पुढच्या नंबरचं कर्नेल आलं, त्याच्या कप्प्यात हा ड्रायव्हर नाही. मेक इन्स्टॉलऐवजी डीकेएमएस नावाच्या पद्धतीने बसवला असता तर प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर तो आपोआप परत कंपाइल झाला असता, निदान होण्याचा प्रयत्न तरी, कारण कधीकधी नवीन कर्नेलला तो कोडच चालत नाही आणि मग कोणीतरी तो दुरुस्त करेपर्यंत वाट बघा. घाईच्या वेळी कामाला येईल अशी एक युक्ती: लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट दाबून धरायचं (काहींना एस्केप), ग्रबचा मेनू येतो, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं कर्नेल अजून असतं, ते निवडलं की जुना ड्रायव्हर चालतो. मी तसंच केलं आणि प्रूफ ४ तारखेला गेलं. तुमचा लॅपटॉप नवा असेल आणि त्यात सिक्युअर बूट चालू असेल तर हाताने बसवलेल्या ड्रायव्हरला सहीसुद्धा लागते, मध्ये एक निळी स्क्रीन येऊन पासवर्ड विचारते, तो आधी नीट लिहून ठेवा. माझा लॅपटॉप त्यातून सुटला.

३ तारखेलाच डोंगल परत द्यायचा प्रयत्नही केला. दहा दिवसांत फक्त बदलून मिळणार, पैसे परत नाहीत, आणि बदलून तरी काय, तोच दुसरा. वस्तू खराब आहे का? नाही. मग विनंती बंद. बरोबर होतं त्यांचं. घेण्याआधी पैसे परत की फक्त बदलून, हे बघायचं आणि वस्तू आली त्याच दिवशी लावून बघायची, एवढं कळलं.

मग दोन संध्याकाळी बसून नीट वाचलं. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते, तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावं. डोंगलवर नाव कुणाचंही असो, आतली चिप तीन-चार कंपन्यांपैकी एकाची असते, आणि लिनक्स ओळखतं ते चिपला, खोक्यावरच्या नावाला नाही. चिपचा ड्रायव्हर कर्नेलच्या आतच असेल तर खोचलं की चालू, अपडेट कितीही येवोत. बाहेरून आणलेला असेल तर माझी ३ जुलै झाली तशी तुमचीही कधीतरी होणार.

आतले म्हणजे कोणते? एथेरॉसची एआर ९२७१ ही जुनी आणि भरवशाची, हिचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) सुद्धा खुलं आहे, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि १५० एमबीपीएस. रॅलिंकची आरटी ५३७० तशीच. रॅलिंक २०११ मध्ये मीडियाटेकने घेतली, त्यामुळे पुढच्या चिपा मीडियाटेकच्या नावाने येतात: एमटी ७६०१यू, हिचा ड्रायव्हर कर्नेल ४.२ पासून आहे, पुन्हा फक्त २.४ वाली. ५ गिगाहर्ट्झ हवं असेल तर एमटी ७६१०यू किंवा तिची थोरली बहीण एमटी ७६१२यू, दोघींचे ड्रायव्हर ४.१९ पासून. वायफाय ६ हवं तर एमटी ७९२१यू, पण तिला कर्नेल ५.१८ किंवा पुढचं लागतं, म्हणजे माझ्या ५.१५ वर नाहीच. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपा ६.२ पासून आत आल्यात, आणि ८८१२एयू, ८८२१एयू या वर्षानुवर्षं बाहेरच्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपा ६.१४ मध्ये. म्हणजे "ही चिप लिनक्सवर चालते का" हा प्रश्नच अर्धा आहे, तुमच्या कर्नेलवर चालते का असं विचारायचं. कर्नेल बघायला यूनेम, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि आर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यातल्या बऱ्याच जणांच्या आयडीतच चिपचा नंबर असतो. ७६०१ चा आयडी १४८एफ:७६०१, ५३७० चा १४८एफ:५३७०, ९२७१ चा ०सीएफ३:९२७१, ७६१२ चा ०ई८डी:७६१२. कपाळावर नाव लिहिल्यासारखं. दुकानदार काही म्हणो.

पण अडचण अशी की विकणारा चिप सांगतच नाही. ऑनलाइन प्रश्नोत्तरांत मी विचारलं, चिपसेट कोणता, उत्तर आलं "यस मॅम". आणि त्याच मॉडेलच्या आत चिप बदलते ती वेगळीच. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन: पहिल्या आवृत्तीत एआर ९२७१, दुसरीपासून रिअलटेकची ८१८८ईयूएस, नाव तेच, दिसायला तेच, फरक फक्त खोक्यावरच्या आवृत्तीच्या आकड्यात. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीचे "झकास चालतं" असे अभिप्राय वाचून आज घेऊ नका. चिप ठळक सांगून विकणाऱ्या कंपन्याही आहेत, तैवानची अल्फा त्यातली, पण मला त्यांचे ७६१२ वाले दिसले ते ४,००० च्या पुढे, आणि १४,००० च्या लॅपटॉपला ४,००० चं शेपूट लावायला मन होईना. अलीएक्सप्रेस आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंद, तोही रस्ता नाही.

शनिवारी ५ जुलैला एसटीने चिपळूणला गेले, बायकांना अर्धं तिकीट त्यामुळे हेलपाट्याचं दुःख अर्धं. लॅपटॉप पिशवीत बरोबर. पहिल्या दुकानात माझ्याकडे होता तसाच नखाएवढा डोंगल. दुसऱ्याने पाकीट फोडू देणार नाही म्हणून सांगितलं, तेही बरोबरच. तिसऱ्या दुकानातला मुलगा फार गोड होता, म्हणाला "लिनक्स? ते सर्व्हरला असतं ना? तुम्ही सर्व्हर चालवता?" मी हो म्हणणार होते.

परतीच्या गाडीला वेळ होता, भाच्याला मेसेज केला की काही मिळत नाही. त्याचा उलट फोन. "मावशी, डिशवाल्याकडे बघ. फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्सला यूट्यूब बघायला डोंगल लावतात ना, काळं, अँटिना असलेलं, ते."

स्टँडच्या बाजूला एक डिश-रिमोट दुरुस्तीचं दुकान होतं, पत्र्याच्या दारावर रिमोट माळेसारखे टांगलेले. आत जाऊन विचारलं, वायफाय डोंगल आहे का. त्या दादाने सोल्डरिंगवरून मान वर न करता विचारलं, "कुठला देऊ ताई, ७६०१ की ५३७०?"

मी अक्षरशः बघत राहिले. दोन दिवस मी ज्याला त्याला चिप विचारत होते आणि हा मलाच चिप विचारतोय! त्याने समजावून सांगितलं, या डब्यांमध्ये एक-दोन ठरावीक चिपांचेच ड्रायव्हर भरलेले असतात, भलतं डोंगल दिलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, त्यामुळे माल आणतानाच चिप बघून आणावा लागतो. ५३७० संपलं होतं, ७६०१ होतं. लावून बघू का म्हटलं तर त्याने काउंटरवरचे स्क्रू बाजूला सारून जागा करून दिली. लॅपटॉप उघडला, डोंगल खोचलं, पाचेक सेकंदांत आजूबाजूच्या दुकानांची नावं स्क्रीनवर. सीडी नाही, मेक नाही. एलएसयूएसबी मारली: १४८एफ:७६०१. फोनचा हॉटस्पॉट चालू करून जोडलं, एक पान उघडून बघितलं. ३५० सांगितले, ३२० ला दिलं. पावती हाताने लिहिलेली, मागे त्याचा नंबर, "नाही चाललं तर आणा परत".

तेव्हा सल्ला द्यायचाच तर हाच, की लॅपटॉप बरोबर घेऊन जा आणि जो लावून बघू देईल त्याच्याकडून घ्या. दोघांतलं निवडता आलं तर ५३७० घ्या, कारण लॅपटॉपचाच हॉटस्पॉट करून दुसऱ्यांना नेट द्यायचं असेल तर ते त्याला जमतं, ७६०१ चा कर्नेलमधला ड्रायव्हर ते करत नाही. मला गरज नव्हती.

घरी आल्यावर लगेच सगळं गोड झालं असंही नाही. दर थोड्या वेळाने नेट मिनिटभर झोपायचं. ते पॉवर सेव्हिंगमुळे: नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगच्या फोल्डरात वायफाय पॉवरसेव्हची एक छोटी फाइल असते, त्यात ३ असतं त्याचं २ करायचं, २ म्हणजे बचत बंद, मग रीस्टार्ट. ते गेलं. दुसरं विचित्र होतं, रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप लावला की नेट रांगायला लागायचं. मला वाटलं योगायोग, पण तीन रात्री तेच. यूएसबी ३ वर भरभर डेटा जात असताना त्या केबल-पोर्टमधून जो गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि शेजारच्या डोंगलचे कान बधिर होतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढलेला आहे. उपाय ८० रुपयांचा: एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली, डोंगल हार्ड डिस्कपासून लांब नेलं, निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमधून काढून दुसऱ्या बाजूच्या साध्या यूएसबी २ पोर्टला लावलं आणि वायर भिंतीवरच्या खुंटीला टांगली, जिथे पूर्वी आजोबांची टोपी असायची. सिग्नलसुद्धा एका रेघेने वाढला. नखाएवढ्या डोंगलपेक्षा अँटिनावालं बरं, हे इथेच कळतं.

गणपतीला, म्हणजे २७ ऑगस्टच्या आधी दोन दिवस, भाचा आला तो स्वतःचं ७६१२ वालं डोंगल घेऊनच. आरत्यांच्या मध्ये आम्ही घरभर लॅपटॉप घेऊन फिरलो. आमचं कनेक्शन ६० एमबीपीएसचं. ओटीवर राउटरशेजारी त्याचं ५ गिगाहर्ट्झवर ५८, माझं ३४. माजघरात, मध्ये जांभ्या चिऱ्याची एक भिंत, त्याचं २३, माझं २९. मागच्या पडवीत, दोन भिंती, त्याचं ५ गिगाहर्ट्झ दिसेनासंच झालं, माझं ११ वर तग धरून. त्यानेही मग २.४ वर बदललं तर माजघरात ४१ मिळाले, दोन अँटिना आहेत ना, शेवटी महाग ते महाग. पण पीडीएफ पाठवायला मला २९ पुष्कळ. शहरात फ्लॅटमध्ये असाल, आजूबाजूला पंचवीस राउटर २.४ वर कोकलत असतील, तर माझं ऐकू नका, तिथे ५ गिगाहर्ट्झ हवंच, निदान ७६१० तरी. चिऱ्याच्या घरात पैसे वाचवा.

विसर्जनानंतर निवांत होतो तेव्हा त्याने तो जूनमधला विषय परत काढला. अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू, मग लिनक्स कर्नेल्स, त्यात ६.८ ची ओळ, इन्स्टॉल, रीस्टार्ट. चहा गाळून होईपर्यंत झालं. ८४९ वालं डोंगल लावलं, सीडी आली, इजेक्ट केली, आणि वायफाय चालू. ड्रायव्हर-बिव्हर काही नाही. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत चहा प्यायला.

एकूण हिशोब: दुरुस्तीवाला २००, पहिलं डोंगल ८४९, दुसरं ३२०, वायर ८०, म्हणजे १,४४९. यातले लागणारे होते ४००. ८४९ वालं मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या डेस्कटॉपला देऊन टाकलं, त्यावर मिंट २२ आहे, त्याचं कर्नेल मुळातच ६.८. तिथे छान चालतंय. फक्त रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की ती सीडी येते आणि ग्रंथपालबाई ती इजेक्ट करतात, मोडस्विचचा नियम लिहून ते आपोआप करता येतं म्हणे, पण ते काम भाच्याने दिवाळीवर ढकललंय.